एक सूत

लोक म्हणतात, नशीब थोर, वाचला.
खरं आहे.
हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं.
शिरोलीकडून येताना वाळूवर गाडी घसरली
आणि हेल्मेटला साधा चरासुद्धा नाही.

डोक्याला सात टाके.
केस वाढले तसे तेही झाकले गेले.
आता बघणाऱ्याला काहीच दिसत नाही,
म्हणून समोरच्या पारूमावशी रोज विचारतात,
"रंगराव कामावर कधी जायाचं गं? ठणठणीत तर हाय की."

उद्यमनगरात वीस वर्षं लेथवर होते.
शर्टाला कूलंटचा तो कुबट वास,
दोनदा भिजवला तरी न जाणारा.
किती वैतागायचे मी त्या वासाला.
आता शर्ट घडीचे घडीला असतात.

दवाखान्यात एक पोरसवदा डॉक्टरीण होती.
तिनं माझ्या पिशवीतला स्टीलचा डबा उचलला, म्हणाली,
"समजा यात दही लावलंय. डबा आपटला.
डब्याला पोचा नाही, झाकण घट्ट,
पण आतलं दही मोडलं.
फोटोत डबा दिसतो, ताई. मोड नेहमी दिसतेच असं नाही."
"मग परत लागंल का?"
ती लगेच बोलली नाही.
तेव्हाच मला ती आवडली.

कुकरची शिट्टी झाली की ते जिन्याखाली जाऊन बसतात.
दूध करपून काळं झालं,
शेजारी बसले होते, वास नाही आला.
उलथन्याला म्हणतात "ते, भाकरी परततात ते".
मला मात्र अजून नावानं हाक मारतात, कुसुम,
आणि पुढं काय सांगायचं होतं ते हरवतं.
पाहुणा तासभर बसून गेला
की हे चारलाच अंथरूण धरतात,
शेत नांगरून आल्यासारखे.

एकदा ताट भिंतीवर आलं.
मीठ कमी होतं म्हणून की टीव्ही मोठा होता म्हणून,
त्यांनाही सांगता येईना.
नंतर स्वतःच भिंत पुसत बसले,
अंधार पडला तरी पुसतच होते.
धैर्यशीलची दहावी. तो मित्राकडं अभ्यासाला जातो.
"आधीचे पप्पा" म्हणतो,
गावाला गेलेल्या माणसाविषयी बोलावं तसं.
मी त्याला रागावले.
मग मोरीत नळ सोडून
मीही त्या आधीच्या माणसासाठी रडले,
हा बाहेर कपड्यांच्या घड्या घालत असताना.

वही केलीय. दोरीनं दाराला बांधलीय.
गोळी घेतली. लाईट बिल. आज बुधवार.
"बाजारला जाऊन येतो," मी सांगते
आणि तेही लिहिते, नाहीतर
दारात उभं राहून गल्लीला विचारत बसतात.

परवा रात्री जाग आली तर अंथरूण रिकामं.
स्वयंपाकघरात दिवा.
ट्रंकेतला व्हर्निअर काढून
ते काडेपेटीची काडी मोजत होते,
मग चमचा, मग दाराची फट,
ओठ हलत होते, बोटं जराही थरथरत नव्हती.
मी काही बोलले नाही. कपाटाला टेकून बसले.
त्यांनी माझा हात ओढून घेतला,
जॉब चकमध्ये धरावा तसा,
आणि बांगडी अन् मनगट यांच्यामधली जागा मोजली.
पुन्हा मोजली.

"एक सूत सैल झालीय," म्हणाले.
"आधी बसती होती."

सहा महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.
येणारा प्रत्येक जण त्यांच्याकडं बघून गेला.

वहीत लिहिलं त्यांनी, लाईट बिलाच्या खाली,
वाकड्या अक्षरात: बांगडी, १ सूत.
सकाळी वही उघडून मला विचारलं,
"ही कुणाची ऑर्डर?"
"घरचीच," मी म्हटलं,
आणि चहा ठेवला, पातेल्यावर डोळा ठेवून.